८.५ च्या रोपवर प्रुसिकसाठी कॉर्ड कुठली घ्यायची?

प्रुसिक म्हणजे कड्यावर वापरायच्या मेन रोपभोवती बारीक कॉर्डच्या लूपचे वेढे घेऊन मारलेली, वजन पडलं की रोपला आवळून धरणारी गाठ; त्या लूपलाही प्रुसिकच म्हणतात. इथले जाडीचे आकडे सगळे मिलिमीटरमधले. गेल्या आठवड्यात एका पोराचा फोन आला. "दादा, आमच्या ग्रुपनं १०.५ चा जुना रोप बाजूला ठेवून ८.५ चा सिंगल रोप घेतलाय, पण आमच्याकडच्या ७ च्या प्रुसिक ह्याच्यावर धरतच न्हाईत, नुसत्या घसरत्यात. आता ५ ची कॉर्ड घेऊ का ६ ची? आणि ते अरॅमिडचे, म्हणजे केव्हलरच्या जातीच्या धाग्याचे, शिवलेले लूप मिळतात त्यात पैसे घालू का?" फोनवर पाच मिनिटांत सांगता आलं तेवढं सांगितलं, पण हा प्रश्न एकट्याचा नाही, आपल्याकडं बरेच जण आता बारीक रोपकडं वळायला लागलेत आणि प्रुसिक मात्र जुन्याच वापरतायत, म्हणून आज नीट बसून सगळं लिहितो.

आधी उत्तर, मग कारणं. ८.५ च्या रोपवर एकेरी, म्हणजे एकाच पदरावर, उतरताना डिसेंडरच्या (रोपला घर्षण देऊन हळू उतरवणाऱ्या डिव्हाइसच्या) खाली बॅकअप म्हणून लावायची असेल तर मऊ नायलॉनची ६ मिमी कॉर्ड, पाच वेढे. दुकानात मिळालेली ६ ची कडक असेल तर ती घेऊच नकोस, सरळ ५ ची मऊ घे. ७.५-८ चे हाफ रोप (जोडीनं वापरायचे बारीक रोप) असतील तर ५ ची. ४ मिमी कशालाच नको. आणि काहीही घेतलंस तरी ती कॉर्ड तुझ्याच रोपवर, एका पदरावर, रोप भिजवून, तुझं अख्खं वजन टाकून जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून बघितल्याशिवाय कड्यावर न्यायची नाही. माझं सगळ्यात मोठं सांगणं हेच आहे, बाकी सगळं ह्याच्याभोवती फिरतं.

आता तुझी ७ ची का धरत नाही ते बघू. आपण सगळे शिकलो तो नियम असा की प्रुसिकची कॉर्ड मेन रोपच्या जाडीच्या साधारण ६० ते ८० टक्के असावी. १०.५ वर ७ म्हणजे ६७ टक्के, एकदम मधोमध, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही विचार करायला लागला नाही. तीच ७ ची ८.५ वर आणली की ८२ टक्के होते, म्हणजे नियमाच्या बाहेर पडली. त्यात रोप बारीक झाला की त्याचा घेरही कमी होतो, १०.५ चा घेर ३३ मिमी आणि ८.५ चा २७ च्या आत, म्हणजे प्रत्येक वेढ्याला पकडायला मिळणारा भाग पाचव्या हिश्शानं घटला. जाड कॉर्डला एवढ्याशा गोलाईवर वळायचं म्हणजे अवघड, ती वेढा घेते पण रोपला अंगभर चिकटत नाही, मधे मधे सुटी राहते. हातात घेऊन बघ, वेढ्याच्या आतून उजेड दिसेल. जिथं उजेड दिसतो तिथं पकड नाही.

जाड रोपला चुकीची कॉर्डसुद्धा खपून जायची कारण दोन्ही बाजूला जागा होती, ६ चालायची, ७ चालायची, ८ सुद्धा चालवून घ्यायचे लोक. रोप बारीक झाला की ही जागा आवळत जाते. ८ च्या रोपवर हिशोबानं ४.८ ते ६.४ मिमी येतं, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या फक्त दोन जाड्या, ५ आणि ६, आणि त्यातली ६ कडक निघाली की एकच उरते. कार्ल प्रुसिक ह्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं ही गाठ १९३१ साली मांडली तेव्हा दोर होते झाडांच्या धाग्यांचे, जाड आणि खरबरीत. आत गाभा आणि वरून विणलेलं कव्हर असे नायलॉनचे रोप एडेलरिडनं १९५३ ला आणले. आज तुझ्या हातात आहे तो गुळगुळीत, वरून पाणी धरू नये म्हणून ड्राय ट्रीटमेंट मारलेला, त्या काळच्या दोराच्या मानानं बोटभर. गाठ तीच आहे, पण तिच्याकडून आपण मागतोय ते काम कितीतरी अवघड झालंय हे डोक्यात ठेवायला पाहिजे.

पण टक्केवारीवरच विसंबू नकोस. मिमीच्या आकड्यापेक्षा कॉर्ड किती मऊ आहे ह्याला मी जास्त मान देतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ६ मिमी कॉर्ड शेजारी शेजारी ठेव, एक हातात घेतली की शेवेसारखी लोळते आणि दुसरी तारेसारखी उभी राहते, लेबलवर मात्र दोन्हीकडं ६ च लिहिलेलं. कडक कॉर्ड घट्ट विणलेली असते, ती घासायला टिकते, कॉर्डलेट म्हणून अँकर (रोप जिथं बांधतो ती जागा) जोडायला छान, पण प्रुसिकला नको. दुकानात करायची एक सोपी तपासणी सांगतो. कॉर्डचा पदर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दुमडून घट्ट दाब आणि वळणाशी जे भोक उरतं ते बघ. त्या भोकातून तीच कॉर्ड सहज जाईल एवढं ते मोठं असेल तर कॉर्ड कडक आहे, ठेवून दे. भोक जवळजवळ मिटत असेल तर मऊ, घे. मी कुणासाठीही कॉर्ड आणायला गेलो की रिळावरचं टोक हातात घेऊन आधी हेच करतो, दुकानदार बघत राहतात, बघू देत. ऑनलाइन मागवणाऱ्यांची पंचाईत इथंच होते, फोटोत मऊपणा दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा दोन मीटरच मागवायची, बघायची आणि मग पुढचं.

रोपच्या लेबलबद्दलही एक गोष्ट. डायनॅमिक सिंगल रोपची जाडी मोजतात ती त्याला १० किलो वजन टांगून, हाफ रोपची ६ किलोवर. ढिला पडलेला रोप त्यामुळं हाताला थोडा जाड लागतो, आणि वापरून वापरून कव्हर फुललं की आणखी जाड. नवा कोरा ८.५ आणि तीन पावसाळे खाल्लेला ८.५ हे प्रुसिकच्या दृष्टीनं दोन वेगळे रोप आहेत. नव्यावर धरते म्हणजे जुन्यावर बहुतेक धरेल, पण उलटं अजिबात नाही. म्हणून ग्रुपमधल्या कुणाच्या जुन्या रोपवर प्रुसिक धरली म्हणून तुझ्या नव्या रोपवर खात्री धरू नको.

ताकदीचं बघायचं तर युरोपियन ईएन ५६४ हे स्टँडर्ड कॉर्डला लागू आहे आणि त्यात जाडीप्रमाणं कमीत कमी ताकद ठरवून दिलीय. ४ मिमीला ३.२ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार), ५ ला ५, ६ ला ७.२, ७ ला ९.८ आणि ८ ला १२.८. ८० किलोचा माणूस शांत लटकला तर ०.८ किलोन्यूटनच्या आसपास, आणि लूपमध्ये दोन पदर असतात, त्यामुळं गाठीचं नुकसान धरूनसुद्धा ५ ची नुसत्या बॅकअपला पुरते. मग ४ का नको? कारण गाठीनं ताकद कमी होते, थोडं घासलं की अजून कमी होते, आणि बारीक कॉर्ड रोपमध्ये इतकी रुतून बसते की वजन पडल्यावर ती सोडवायला नखं तुटतात, लटकलेल्या माणसाला वर ढकलता येत नाही आणि खाली जाता येत नाही. आणि हे स्टँडर्ड सांगतं की कॉर्ड किती ताणाला तुटते. तुझ्या रोपवर वेढ्यात ती धरते का, हे त्या आकड्यावरून कळत नाही, ते तुलाच लटकून बघायला लागतं.

ह्याच ठिकाणी एक कळकळीची विनंती, बाजारातली साधी दोरी नको. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात फिरलास की रंगीबेरंगी पॉलीप्रॉपिलीनच्या दोऱ्या किलोवर मिळतात, दिसायला कॉर्डसारख्याच, पण ते प्लास्टिक १६५ अंशाच्या आसपास वितळतं आणि आधीच गुळगुळीत असतं. पॅराकॉर्डही नको, तिची ताकद ५५० पौंड म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास, तंबू बांधायला ठीक. प्रुसिकची दीड मीटर चांगली कॉर्ड मिसळीच्या एक-दोन प्लेटच्या पैशात येते, तिथं वाचवायचं काही नाही.

आता अरॅमिडचं. नायलॉन २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं, कुठल्या जातीचं आहे त्यावर. डायनिमा (बारीक स्लिंगांत वापरतात तो मजबूत धागा) १४५ च्या आसपासच वितळतं आणि वरून साबणासारखं निसरडं, म्हणून डायनिमाची बारीक स्लिंग घेऊन बारीक रोपवर प्रुसिक मारायची सवय असेल तर ती आजच सोड, अडचणीत दुसरं काहीच नसेल तर क्लेमहाइस्ट नावाची गाठ मारून चालवून घेतात, पण ठरवून न्यायची गोष्ट ती नव्हे. अरॅमिड म्हणजे केव्हलर, टेक्नोरा वगैरे. हे वितळत नाहीत, ४०० अंशांच्या पुढं जळायला लागतात, त्यामुळं घसरलं तरी कॉर्ड जागेवर राहते. स्टर्लिंग कंपनीचा हॉलोब्लॉक म्हणून शिवलेला लूप येतो, टेक्नोरा वापरलेला आणि आतून पोकळ. जाडी लिहिलेली ६.८, टक्केवारी लावलीस तर ८.५ वर ८० टक्के येते आणि तू म्हणशील हा घसरणार, पण आत गाभाच नसल्यामुळं तो दाबला की पट्टीसारखा चपटा होतो आणि रोपला चिकटून बसतो. मऊपणाला मी आकड्यापेक्षा मान का देतो ते ह्या एका लूपवरून कळेल.

मग अरॅमिडच का घेऊ नये सगळ्यांनी? कारण अरॅमिडचा धागा सारखा वाकवला की आतल्या आत थकतो, ऊन लागून उतरतो, आणि हे बाहेरून दिसत नाही. नायलॉन म्हातारं झालं की तसं दाखवतं, केस निघतात, कडक होतं, रंग जातो. अरॅमिड बराच काळ चांगलं दिसत राहतं. दर रविवारी जाणाऱ्या माणसानं ते घेतलं तर पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी आणि वर्षा-दीड वर्षात बदलावं. तुमच्या ग्रुपसाठी माझं मत, प्रत्येकाला नायलॉनच्या दोन प्रुसिक आणि जो लीड करतो किंवा शेवटी उतरतो त्याच्याकडं एक अरॅमिडचा लूप. सगळ्यांनी महागडे लूप घ्यायची काही गरज नाही.

वितळण्याचं एवढं का सांगतोय ते एका प्रसंगावरून सांगतो. मार्च महिना, कोरडा रोप, सरावाचा दिवस. एक नवीन मुलगा उतरत होता, बॅकअप लावलेला. मधे त्याचा पाय सुटला आणि घाबरून त्यानं काय केलं तर प्रुसिकच मुठीत गच्च धरली. माणूस घाबरला की हातात जे असतं ते आवळतो, सोडत नाही, हा आपला स्वभावच आहे, पण प्रुसिकला मूठ धरली की ती आवळतच नाही, मुठीसोबत खाली सरकत जाते. दोन-तीन मीटर गेला तो, खाली उभ्या असलेल्यानं रोप ताणून धरला म्हणून थांबला. खाली आल्यावर कॉर्ड बघितली. बाहेरून सहज बघणाऱ्याला काही झालंय असं वाटलं नसतं, पण वेढ्यांच्या आतल्या बाजूला पाचही ठिकाणी काचेसारखा चकचकीत डाग पडला होता, नखानं टकटक वाजवला तर वाजत होता, आणि वाकवल्यावर त्या जागी कॉर्ड वाकायच्या ऐवजी मोडल्यासारखी कोपरा करून दुमडत होती. एवढ्याशा घसरण्यानं.

हिशोब केला तर आश्चर्य वाटत नाही. ८० किलो माणूस ३ मीटर घसरला आणि सगळा भार कॉर्डवरच आला असं धरलं तर २३५० ज्यूलच्या आसपास उष्णता तयार होते, दीड चमचा गार पाणी उकळीला आणण्याएवढी. रोपचा दर क्षणी नवा, गार भाग पुढं येत असतो म्हणून रोप फारसा तापत नाही. कॉर्डचे मात्र तेच पाच वेढे सुरुवातीपासून शेवटपर्यंत घासत राहतात. म्हणून आधी जाते ती कॉर्डच. असा चकचकीत डाग दिसला की ती कॉर्ड तिथंच कापून टाकायची, घरी नेऊन ठेवायचीसुद्धा नाही, नाहीतर कुणीतरी पुढच्या वेळी सॅकमधून तीच काढतं. आणि नवीन पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवायचं की प्रुसिक मुठीत धरायची नाही, वरून अंगठा आणि बोटाच्या कडेनं हलकी ढकलत न्यायची, जेणेकरून हात सुटला की ती आपोआप आवळेल.

गाठ कुठली आणि लावायची कुठं, ह्यावर कॉर्डचं अर्धं गणित ठरतं. आपल्याकडं जुन्या लोकांनी फिगर ऑफ एटच्या (इंग्रजी आठच्या आकाराच्या डिसेंडरच्या) वर, डाव्या हातात प्रुसिक घेऊन उतरायला शिकवलं. त्यात प्रुसिकवर माणसाचं पूर्ण वजन येतं, आणि एकदा आवळली की लटकलेल्या अवस्थेत सोडवता येत नाही, कितीतरी जण असे मधेच अडकून बसलेले मी बघितलेत. बारीक रोपवर तर बारीक कॉर्ड आणखी रुतते. डिसेंडरच्या खाली ऑटोब्लॉक (लूप रोपभोवती नुसता गुंडाळून दोन्ही टोकं एकाच कॅरॅबिनरमध्ये घालायची गाठ) लावला की बहुतेक भार डिसेंडर घेतो, कॉर्डला फक्त तुझ्या ब्रेकच्या हाताचं काम करायचं असतं आणि भार असतानाही ती हातानं सरकवून सोडवता येते. ह्यासाठी डिसेंडर एका स्लिंगनं हार्नेसपासून लांब घ्यायचा, ६० सेमीची स्लिंग दुमडून किंवा गाठ मारून पुरते, आणि ऑटोब्लॉक हार्नेसच्या पुढच्या बिले लूपला. लूप एवढा आखूड पाहिजे की पूर्ण ताणला तरी डिसेंडरला टेकणार नाही. टेकला की डिसेंडर त्याला ढकलत राहतो आणि तो कधीच आवळत नाही. कॉर्ड चांगली, जाडी बरोबर, वेढे बरोबर, आणि लूप चार बोटं लांब म्हणून सगळं फुकट, असं होऊ शकतं.

फिगर ऑफ एट बारीक रोपवर, त्यातून एका पदरावर, लई पळतो. १०.५ वर जी पकड मिळायची ती ८.५ वर मिळत नाही, म्हणजे डिसेंडरनं कमी धरलेला भार कॉर्डवर येतो. म्हणून कॉर्ड बदलायच्या आधी हेही बघ की तुमचा डिसेंडर ह्या रोपसाठी आहे का, बहुतेकांवर जाडीची मर्यादा कोरलेली असते. एटीसीसारख्या (रोप खोबणीतून घालून कॅरॅबिनरला अडकवायच्या) डिव्हाइसला दात असलेली बाजू वापरायची आणि एकाच्या जागी दोन कॅरॅबिनर घातले तर घर्षण वाढतं, हे करून बघितलंस तर प्रुसिकची निम्मी तक्रार तिथंच संपेल.

आता पावसाचं, कारण आपण कोल्हापूरकर रोप काढतोच मुळात पावसाळ्यात. काही वर्षांपूर्वी गगनबावड्याच्या बाजूला ऑगस्टमध्ये एका धबधब्याशेजारी उतरत होतो, ९ चा रोप, एकेरी, त्यावर नवी ६ ची कॉर्ड तीन वेढ्यांचा ऑटोब्लॉक. आदल्या रविवारी हाच सेट कोरड्यात दोन पदरांवर वापरलेला आणि छान धरलेला, म्हणून मी पुन्हा तपासला नाही. मधे सॅकचा पट्टा कपारीत अडकला, तो सोडवायला मी दोन्ही हात सोडले आणि सरकायला लागलो. झटका नाही, आवाज नाही, नुसतं हळूहळू खाली जाणं, आणि कॉर्डवर नजर गेली तर वेढ्यांतून पाणी पिळून निघत होतं आणि रोप त्यातून आरामात निघत होता. ब्रेकचा हात परत रोपवर आला म्हणून काही झालं नाही. तिथं तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, ओला रोप, दोनाच्या जागी एक पदर, आणि कॉर्ड नवी असल्यामुळं कडक. एकेक बदल कदाचित चालून गेला असता. तेव्हापासून ओल्यात एकेरी रोपवर पाचपेक्षा कमी वेढे मी घेत नाही, आणि उतरायला लागायच्या आधी अँकरची सेल्फ स्लिंग (स्वतःला अँकरला बांधून ठेवणारी पट्टी) लावलेलीच ठेवून हात सोडून बघतो, कॉर्ड धरते का. दहा सेकंद लागतात. धरली नाही तर आणखी एक वेढा. रोपच्या टोकाला गाठ आणि खाली रोप धरून एक माणूस, हे दोन्ही कॉर्ड कितीही चांगली असली तरी असायलाच पाहिजेत.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट म्हणजे जांभा. मसाई पठार, पन्हाळ्याचा माथा, हा सगळा जांभा दगड, आणि त्याची ती लाल बारीक माती रोपच्या कव्हरमध्ये घुसते. ओली असताना ती वंगणासारखी वागते आणि वाळली की पॉलिश पेपरसारखी. प्रुसिक तर रोपवरची सगळी माती पुसून घेते, कारण ती रोपच्या अंगावरूनच सरकत असते. दोन-तीन ट्रिपनंतर कॉर्ड हातात घेतलीस तर कडक लागेल, ती म्हातारी झाली म्हणून नव्हे तर आत माती बसली म्हणून. साध्या कोमट पाण्यात भिजत घालायची, चोळायची, पाणी लाल निघायचं थांबेपर्यंत, आणि सावलीत वाळवायची. डिटर्जंट, ब्लीच काही नको. मऊपणा परत आला तर ठीक, नाही आला तर बदलायची.

कॉर्ड कापताना १२० सेमीचा तुकडा घेतला तर डबल फिशरमन गाठ मारून ४० सेमीच्या आसपासचा लूप होतो, बॅकअपला तेवढा बास. चढायला वापरायची असेल तर लांब लागेल. कापल्यावर टोकं लायटरनं वितळवून बंद कर, गाठ मारून अंगाच्या वजनानं खच्चून ओढून बसव, आणि गाठीबाहेर दोन्ही शेपट्या चार बोटं तरी ठेव. अरॅमिडची सुटी कॉर्ड असेल तर ट्रिपल फिशरमन, कारण तिच्यात गाठ सरकते. वेढे घेताना एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, शेजारी शेजारी बसले पाहिजेत, आणि फिशरमनची गाठ वेढ्यात किंवा कॅरॅबिनरवर येता कामा नये, मधल्या मोकळ्या भागात ठेवायची.

बॅकअपपलीकडची कामं थोडक्यात. रोपवर चढून जायचं असेल किंवा कुणाला वर ओढून घ्यायचं असेल तर कॉर्डवर पूर्ण वजन, कधी दोन माणसांचं येतं, तिथं ५ ची मी वापरत नाही, मऊ ६ ची आणि तीन वेढ्यांची प्रुसिक, आवळून बसली तर वेढ्यांवरून आडवा गेलेला मधला पूल अंगठ्यानं मागं ढकलून सैल करायची. जुमार (रोपवर चढायचं दातवालं डिव्हाइस) आहे म्हणून प्रुसिक नको असं कुणी म्हणालं तर त्याला सांग की दातवाल्या डिव्हाइसवर झटका बसला तर ४ किलोन्यूटनच्या पुढंमागं रोपचं कव्हर फाटायला लागतं आणि बारीक रोपला कव्हर मुळातच पातळ. त्याउलट प्रुसिक जास्त भार आला की बहुतेक वेळा आधी सरकते.

८.५ च्या जोडीला ६ ची बारीक पुल लाइन (उतरल्यावर रोप खाली ओढून घ्यायची दोरी) घेऊन उतरायची पद्धत आता सुरू झालीय, तिथं वजन फक्त ८.५ वर असतं, म्हणजे पुन्हा एकेरीचाच विचार करायचा. दोन वेगळ्या जाडीचे रोप एकत्र घेऊन दोन्हीवर मिळून ऑटोब्लॉक मारला तर तो जाड्याला धरतो आणि बारीक त्यातून निसटत राहतो, हेही लटकून बघ, डोळ्यांनी दिसेल. आणि ६ मिमीच्या हायपरस्टॅटिक, म्हणजे जवळजवळ न ताणणाऱ्या, लाइन येतात, त्यांच्यावर मी साध्या कॉर्डची प्रुसिक भरवशाची धरत नाही, त्या कंपनीनं त्या लाइनसाठी जे डिव्हाइस सांगितलंय तेवढंच.

एक मात्र खरं की तुम्ही बारीक रोप घेतला ते चुकीचं केलं नाही. ६० मीटरचा १०.५ चार किलोच्या वर जातो, ८.५ तीनच्या आसपास, आणि लिंगाण्यासारख्या ठिकाणी पायथ्यापर्यंत चालत जायचं असतं तेव्हा तो एक किलो पाणी म्हणून नेता येतो. फक्त रोपबरोबर कॉर्ड, डिसेंडर, वेढ्यांची सवय, सगळंच बदलायला लागतं हे कुणीतरी विकताना सांगायला पाहिजे होतं.

तपासायला कड्यावर जायची गरज नाही. आमच्या पेठेतल्या तालमीत दोर चढायला तुळईला कडी आहे, तिथं रोप बांधतो, खाली माती असतेच. रोप बादलीत बुडवून काढायचा, एका पदरावर कॉर्ड लावायची, हार्नेस घालून हळूहळू बसायचं, मग दोन-तीनदा हिसका देऊन बघायचं. प्रत्येक कॉर्डसाठी तीन, चार, पाच वेढे करून एका वहीत लिहून ठेवतो, कुठल्या रोपवर कितीला धरली, सोडवायला सोपी गेली का. त्या वहीतलं दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही, कारण त्यांचा रोप वेगळा, वजन वेगळं. प्रत्येक ग्रुपनं आपली वही करावी.

तुझ्या ७ च्या प्रुसिक फेकू नकोस, १०.५ आणि ११ वर त्या अजून चांगल्याच आहेत, फक्त त्यांना लाल टेप लाव म्हणजे ८.५ बरोबर सॅकमध्ये जाणार नाहीत. नायलॉनच्या ५ आणि ६ च्या दोन-दोन मीटर आणून ठेव, आणि रविवारी सकाळी सातला नवा रोप, तुमचा डिसेंडर आणि एक बादली घेऊन तालमीत ये. मी माझा अरॅमिडचा लूपही आणतो, तिन्ही लावून बघू आणि मग तू काय घ्यायचं ते ठरव.